आत्या ओरडतेय

नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. खोलीतला प्राणवायू तो गुपचूप हुसकून लावतो आणि माणूस हूं की चूं न करता खाली बसतो. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत, हातमोजे बसवलेल्या, नायट्रोजन भरलेल्या त्या बंद काचपेटीच्या खोलीत, भिंतीवर एक अलार्म होता. प्राणवायू घटला की बोंबलायचा. दार आपटलं तरी बोंबलायचा. कुणीतरी त्याचं नाव ‘आत्या’ पाडलं आणि आम्ही सगळे खिदळलो. जीव वाचवणाऱ्या वस्तूची टिंगल करायला अक्कल लागत नाही.

पेटीवर काम करणारी ताई आणि तिथेच कामाला असलेला तिचा धाकटा भाऊ जरा जास्तच हसले. त्यांना वाढवणारी खरी आत्या घरी अंथरुणाला खिळलेली, आणि तिच्याही तोंडाला विश्रांती नसे. एक जण कामावर असला की दुसरा तिच्यापाशी.

त्या दुपारी घरी थांबायची पाळी भावाची होती. पण पेटीचा हातमोजा फाटल्याचं त्याला कळलं. ताईच्या डोक्याला ताप नको म्हणून शेजारणीला घरी बसवून तो तिला न सांगताच आला. पेटीमागची नायट्रोजनची नळी सैल झाली होती. नवा हातमोजा चढवायला घेतला, तोच अलार्म वाजला.

नियम एकच होता, आधी बाहेर पडायचं. पण अडचण आली की ताईला विचारल्याशिवाय या पोराचं पान हलत नसे. बटण दाबून त्याने अलार्म गप्प केला आणि तिथूनच फोन लावला.

“ताई, आत्या ओरडतेय गं. काय करू?”

ताई वरच्या मजल्यावर बैठकीत होती. साहेब बोलत होते. ती तोंडावर हात धरून कुजबुजली, “ओरडू दे. रोजचंच आहे तिचं. तू तुझं काम उरक.”

“बरं.”

आम्हाला तो सापडला तेव्हा पेटीला टेकून बसला होता. हातमोजा मांडीवर होता.

“तो घरी आहे,” ताई प्रत्येकाला सांगत होती. “आत्ताच बोलले मी त्याच्याशी. आत्या ओरडत होती.” मग तिची नजर भिंतीवर गेली.

संध्याकाळी मीच तिला घरी सोडलं. आत शिरताच तिने आत्याचे खांदे धरले. “तू ओरडलीस ना गं दुपारी? सांग ना, ओरडलीस ना?”

म्हातारी गोंधळली. “नाही गं बाई. आज छान डोळा लागला होता माझा.”