कालची पाच वाक्यं

हॉटेलच्या धुलाईघरात चार वाजता यंत्रं थांबायची आणि घडी घालायच्या लांब टेबलाशी वर्ग भरायचा. मास्तर फळ्यावर ‘यस्टर्डे’ लिहायचे आणि ज्याची पाळी त्याने उठून काल काय झालं ते पाच वाक्यांत सांगायचं. नियम दोनच. वर्गात इंग्रजीशिवाय शब्द काढायचा नाही, आणि बोलणारा अडला तर शेजारच्याने शब्द पुरवायचा, नाहीतर दोघांचेही मार्क गेले. काय सांगितलं याच्याशी मास्तरांना देणंघेणं नव्हतं. काल माझी आई वारली असं कुणी म्हटलं असतं, तरी क्रियापद तपासून ते ‘करेक्ट’ म्हणाले असते.

दोघी जावा इथेच कामाला होत्या आणि वर्गालाही बसायच्या. थोरली या वर्गात पहिली होती, पण ती हौसेने शिकत नव्हती. चादरी दाबायच्या गरम रोलरवर ती काम करायची आणि सहा महिन्यांपासून तिचा डावा डोळा विझत चालला होता. गेल्या वर्षी एकीचा हात रोलरमध्ये सापडला. तेव्हापासून अधू डोळ्याच्या माणसाला धुलाईघरात ठेवायचं नाही, असा सुपरवायझरचा हुकूम होता. आता पाहुण्यांचे कपडे घ्यायला काउंटरवर इंग्रजी बोलणारी बाई हवी होती आणि ती वर्गातल्या मार्कांवर निवडली जाणार होती. तिथे ना रोलर, ना वाफ. एकदा तिथे बसलं की डोळ्याची चौकशी कोण करतंय, असा थोरलीचा बेत. डोळ्याचं फक्त धाकट्या जावेला ठाऊक होतं, कारण डॉक्टरकडे हात धरून नेणारी तीच. निवडीच्या आदल्या दिवशीही तीच घेऊन गेली होती.

निवडीच्या दिवशी सकाळी दोघी स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या.

“ताई, ‘गेली’ला काय म्हणायचं?”

“वेंट.”

“आणि ‘लपवलं’?”

“हिड. ते कशाला गं तुला? ताकाला जाऊन भांडं लपवणार आहेस?”

“लागतात हो असे शब्द.”

थोरली हसली आणि तिने धाकटीकडून तो शब्द दहादा घोकून घेतला. आपल्याच माणसाला शिकवताना कुणी हातचं राखून शिकवतं का? वेडी बाई.

चार वाजता सुपरवायझर मागच्या खुर्चीत येऊन बसला. थोरलीने आपली पाच वाक्यं न अडखळता सांगितली. मग धाकटी उठली.

“यस्टर्डे माय सिस्टर वेंट टू आय डॉक्टर.”

“करेक्ट,” मास्तर म्हणाले.

“डॉक्टर चेक्ड लेफ्ट आय.”

“करेक्ट.”

“शी सॉ नथिंग.”

 हे खोटं आहे असं थोरलीला ओरडावंसं वाटलं, पण ते खोटं नव्हतंच. धाकटी तिच्याकडे न बघता बोलत होती आणि केसाने गळा कापत होती.

“शी क्राइड.”

“करेक्ट. वन मोअर.”

“फ्रॉम सुपरवायझर शी… शी…” धाकटी अडली. खरंच अडली. सकाळी दहादा घोकलेलं ऐन वेळी विसरली. मास्तरांनी शेजारी बसलेल्या थोरलीकडे बोट केलं.

गप्प राहावं तर मार्क जाणार, मार्क गेले की काउंटर गेला. बोलावं तर आपल्याच तोंडाने कबूल केल्यासारखं. सुपरवायझरला इतकं इंग्रजी कळत नसेलही, असं एक वेडं वाटणं तिच्या मनात अजून होतं. बुडत्याला काडीचा आधार.

“हिड,” ती म्हणाली. वर्गात सगळ्यात स्वच्छ उच्चार तिचाच होता.

“व्हेरी गुड. क्लॅप,” मास्तर म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीही वाजवत होती, समोर फळ्याकडे बघत. मग एकेक टाळी थांबली आणि कुणीतरी खुदकन हसलं. तिने मान वळवली, तेव्हा तिला दिसलं की सुपरवायझर डाव्या बाजूला उभा आहे आणि त्याचा पंजा तिच्या गालाशी केव्हापासून हलतोय.

“उद्यापासून येऊ नका, बाई,” तो म्हणाला.

सुटल्यावर दोघी रस्त्याच्या कडेला आल्या. डावीकडून गाड्यांचा नुसता आवाज येत होता. धाकटीने नेहमीसारखा हात पुढे केला.

“ताई, काउंटरवर काय काय बोलायचं, तेवढं शिकवाल ना?”

थोरलीला तो हात पिरगळावासा वाटला. पण पलीकडे तर जायचं होतं. तिने तो घट्ट धरला.