जादा रकाना

आमच्या संशोधन विभागात नवरा-बायको एकमेकांना किती वेळा स्पर्श करतात ते मोजतात. हसू नका, पहिला आठवडा मीही हसले होते. दोघांनी सात दिवस वेगवेगळे तक्ते भरायचे: कधी, कुठे, पुढाकार कोणाचा. एकमेकांचं बघायचं नाही. "मन काहीही सांगतं, वागणं तेवढं मोजा," असं आमच्या मानसशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं. तक्ते संगणकात भरायचं काम माझं. कोणी आगाऊपणा करून जादा रकाना आखला की तक्ता बाद. त्या बाबतीत माझ्याइतकी खाष्ट बाई शोधून सापडायची नाही.

आठ महिन्यांपूर्वी माझं ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्यासोबत डावा स्तन गेला, आणि यांचा हात अंगावरून उठला तो उठलाच. हे शिंपी. दिवसभर परक्यांची मापं घेणार, आणि घरी मला चहाचा कप देतानाही बोटं चोरणार. किळस आली असेल, असं मी धरून चालले होते. विचारायचा धीर होईना. "हो" म्हणाले असते तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

म्हणून दोन कोरे तक्ते घरी आणले. "अहो, ऑफिसचं काम आहे, नमुना भरायचाय," अशी सरळ थाप मारली.

माझ्या तक्त्यात सातही दिवस शून्य. रविवारी सकाळी त्यांनी आपला तक्ता घडी घालून माझ्या हातात दिला. नियम गेला खड्ड्यात, मी तिथेच उघडला.

स्पर्शाच्या रकान्यात त्यांचंही शून्यच. पण शेजारी पट्टी लावून एक जादा रकाना आखला होता: हात पुढे केला, मागे घेतला. सोमवारी चार वेळा. मंगळवारी सहा. शनिवारी अकरा. खाली बारीक अक्षरात, 'तिला दुखेल म्हणून.'

"हा रकाना कोणाला विचारून आखलात?" मी विचारलं. जित्याची खोड, दुसरं काय.

"दुसऱ्या कशात बसत नव्हतं गं. चुकलं का?"

मला रडू आवरेना. "दुखत नाही हो आता. मला वाटलं, मी नकोशी झाले तुम्हाला."

"वेडी का काय तू."

त्यांचा हात पुढे आला आणि अर्ध्यावर अडला. तो मागे जायच्या आत मी मनगट धरलं आणि तळवा व्रणावर टेकवला. त्यांनी अंगठा हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला.

"टाके चांगले घातलेत," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडले.