न सोडलेला उपास

“धरलेला उपास सोडल्याबिगार निजू नको गो. न सोडलेला उपास घरात फिरतो.”

सासूचं हे बोलणं ललिताला ऐकू आलं ते ठाण्याच्या दवाखान्यात, समोर आहार सांगणाऱ्या समीक्षा मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या तेव्हा. हिराबाईला जाऊन सहा वर्षं झाली होती, आवाज मात्र मागे राहिला होता. किन्हवलीच्या घरात तो देवघरापाशी असायचा, तिच्या पिठाच्या गिरणीत पट्टा फिरायला लागला की त्याच्या घरघरीत असायचा, आणि आज तर एसटीत बसून इथवर आला होता.

“उपास करता का काकी?” मॅडमनी विचारलं.

“सोमवार करते. दोन्ही चतुर्थ्या, एकादशी. आन मार्गशीर्षातले गुरुवार.”

“उपासाला काय खाता?”

ललिता पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगत गेली. सकाळी खिचडी. दुपारी वरईचा भात आणि दाण्याची आमटी. मधेच भूक लागली तर बटाट्याचा कीस, नाहीतर तुपावर परतलेली रताळी. आणि दिवेलागणीला उपास सोडायचा, तेव्हा मग काय, सगळंच.

मॅडमचं पेन थांबलं. “म्हणजे उपासाच्या दिवशी तुम्ही जास्त जेवता.”

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या नथूनं रुमाल तोंडाला लावला. ललितानं नवऱ्याकडे तिरक्या डोळ्यानं पाहिलं. “हसा. तुमाला पण तेच ताट असतं.”

मॅडमही हसल्या, पण कागद पुढे सरकवताना गंभीर झाल्या. पोट लहान करायच्या ऑपरेशनच्या आधी चौदा दिवस फक्त पातळ. पावडर घातलेलं दूध, डाळीचं वरचं पाणी, ताक, गाळलेलं सूप. चावायचं काही नाही. त्यानं पोटातलं यकृत आक्रसतं, डॉक्टरांना काम करायला जागा मिळते. “चौदा दिवस, काकी. एक घास नाही.”

ललितानं कागद दोन्ही हातांत घेतला आणि नकळत कपाळाला लावला.

बेचाळिसाव्या वर्षी तिचं वजन एकशे एकोणीस किलो होतं. गिरणीच्या दारात मोठा काटा होता, गावाचं दळण ती रोज त्यावर मोजायची, पण स्वतः त्यावर कधी उभी राहिली नव्हती. साखर दोन वर्षांपासून होती. गुडघे त्याच्याही आधीचे. गिरणीच्या डब्यात दाणे ओतायला पायरीवर चढलं की छाती भरून यायची, आणि दळण टाकायला आलेल्या बाया आपापसात बोलायच्या थांबायच्या, ते तिला जास्त लागायचं.

पण हे सगळं ती निभावत होती. डॉक्टरांकडे तिला नेलं ते वेगळ्याच गोष्टीनं. एका सकाळी न्हाणीघरात ती बसली आणि उठताच येईना. भातसानगरला धरणावर ड्यूटीला निघालेला नथू सायकल टाकून आत आला, त्यानं तिच्या काखेत हात घातले, आणि ललिताला एकदम हिराबाईची मांडी आठवली.

हिराबाईसुद्धा अशीच भरलेली बाई. साखरेनं तिचा एक पाय नेला आणि मग तीन वर्षं ती खाटेवर होती. ललितानं तिला उचललं, पुसलं, कुशीवर वळवलं. एकदा पाठ पुसून घेताना हिराबाईनं तिचं मनगट धरलं होतं. “मला उचलायला तू हायेस. तुला कोन हाय? तू अशी पडू नको. शेवटपत्तूर आपल्या पायानं चाल. बोल, चालशील?”

“चालन, आत्या,” ललिता म्हणाली होती. बस एवढंच. पण देवापुढे बोललेलं आणि मरणाऱ्या माणसापुढे बोललेलं, दोन्ही तिला सारखंच.

*

मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारी तिनं चौदा दिवस धरले. पहाटे न्हाऊन, हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, जसा कुठल्याही व्रताचा सोडतात. गुरुवारही त्यातच धरले. ऑपरेशन तिसऱ्या गुरुवारी होतं.

“पोट कापणार ते?” शकूनं काट्यावर ज्वारीची पिशवी आदळत विचारलं. शकू म्हणजे मागच्या आळीतली, लग्न होऊन दोघी एकाच वर्षी गावात आल्या होत्या. “देवानं दिल्यालं पोट?”

“पायलीचं शेर करतात गो. बाकीचं काढून टाकतात.”

“आन मग जेवशील काय?”

“शेरभर.”

“शेरभर.” शकू तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत राहिली. “मंग माझ्या पोरीच्या लग्नात जेवणावळीचं तुझं पान मांडायचं का वाटी?”

“वाटीच मांड. पन दोनदा वाढ.”

दोघी हसल्या. शकूनं नंतर पिशवी उचलता उचलता हळूच विचारलं, “भ्या नाय वाटत?” ललितानं गिरणीचं बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला.

पहिले चार दिवस डोकं दुखलं. पाचव्या दिवसापासून मात्र सगळं हलकं होत गेलं. पिठाची धूळ झरोक्यातल्या उन्हात तरंगायची आणि ललिताला वाटायचं, आपणही त्यातच कुठेतरी आहोत, जमिनीपासून वीतभर वर. वास लांबून ओळखू यायला लागले. नाचणीचा वास वेगळा, नव्या तांदळाचा वेगळा. कुणाच्या घरी आज कुळीथ शिजतायत, तेही दारात बसून कळायचं. आणि आठव्या दिवशी दुपारी, डोळा लागता लागता, तिला उपास दिसला.

ओटीवर एक बारीकशी बाई बसली होती. नऊवारी नेसलेली, पाय ओले. काही मागत नव्हती. ललितानं डोळे पुसले तर ओटीवर धान्य पाखडायचं रिकामं सूप होतं.

मग ती येतच राहिली. कधी देवघरापाशी, कधी गिरणीतल्या पोत्याला टेकून. चालली की भिजल्या पावलांचा आवाज यायचा. ललिताला तिची भीती वाटली नाही, दया आली. बिचारी ताटकळलीय, आपण सोडलं की जाईल, असं वाटायचं. ती बोटांवर दिवस मोजायची. संकल्पाचा गुरुवार पहिला, मग शुक्रवार दुसरा. असं मोजत गेलं की बुधवारी चौदा भरत होते.

बुधवारी दिवेलागणीला तिनं पुरण घातलं.

नथू ड्यूटीवरून आला तेव्हा देवापुढे नैवेद्याचं ताट होतं. वरणभात, दोन पुरणपोळ्या, बटाट्याची भाजी, वर तूप.

“हे कुनाला?”

“माझे चौदा भरले. उद्या पोट जाईल. आज सोडून टाकते.”

नथू दारातच घुटमळला. त्याला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण तिचा चेहरा इतका शांत होता की त्यानं चपला काढल्या आणि पाटावर बसला. “हिशोब तुझाच बरोबर असंल,” तो म्हणाला. लग्नाला बावीस वर्षं झाली, व्रतवैकल्यांच्या गोष्टीत तो तिला कधी टोकत नव्हता.

ती सावकाश जेवली. दुसरी पोळी खाताना तिचे डोळे भरून आले, कारण असं भरलं ताट परत कधी पुढे येणार नव्हतं. ओटीवर कुणी नव्हतं. घर रिकामं वाटत होतं.

*

सकाळी दवाखान्यात बोटाला सुई टोचली तर साखर तीनशेच्या वर. भूल देणारे डॉक्टर आले. “काल रात्री काय घेतलं, ताई?”

खोटं बोलणं तिला जमलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती का, कोण जाणे. तिनं सगळं सांगितलं. पोळ्या किती, तेही.

पडदा ओढून समीक्षा मॅडम आत आल्या. त्या रागावल्या नाहीत, त्यानंच ललिताला जास्त शरम वाटली.

“काकी, एक घास नाही, म्हटलं होतं ना?”

“चौदा दिवस भरले होते, मॅडम. सोडल्याशिवाय उपास पुरा कसा होनार?”

मॅडम खाटेच्या कडेवर बसल्या. “हा उपास सुटत नाही, काकी. हा सोडायचा नसतो. हा तसाच घेऊन आत यायचं असतं.” मग म्हणाल्या, “आणि नंतरही. पुढे तुमचं पोट छोटं असेल. जेवण व्हायच्या आधीच थांबावं लागेल, रोज. तुम्हाला जमणार आहे का हे, बघा. नाही म्हटलंत तरी कुणी तुम्हाला वाईट म्हणणार नाही.”

ऑपरेशन पुढे गेलं. पुन्हा पहिल्यापासून चौदा दिवस, मगच तारीख.

परतताना एसटीत नथूनं तिला खिडकीची जागा दिली. शहापूर मागे पडल्यावर म्हणाला, “नको करायला. हाय तशी बरी हायेस. मी हाय ना उचलायला.”

“तुमी साठाचे व्हाल तवा?”

“उचलीन.”

ललितानं खिडकीबाहेर पाहिलं. कापलेल्या भाताची शेतं पिवळी पडली होती. एक बाई बांधावरून डोईवर पेंढा घेऊन चालली होती, लांबून नुसता पेंढाच चालताना दिसत होता. ललिता पाहत राहिली, तो दिसेनासा होईपर्यंत. मग म्हणाली, “तुमाला नाय सांगितलं. आत्यानं माझ्याकडनं शबुद घेतलाय.”

दोन गोष्टी एकाच तोंडच्या. उपास अर्धा ठेवू नको, आणि आपल्या पायानं चाल. आजपर्यंत त्या कधी एकमेकींच्या आड आल्या नव्हत्या.

*

त्या वर्षी मार्गशीर्षात पाच गुरुवार आले होते. दवाखान्यातून परतल्या दिवशीच, तिसऱ्या गुरुवारी, तिनं पुन्हा धरलं, आणि नवी तारीख पडली शेवटच्या गुरुवारनंतरच्या शुक्रवारची. या वेळी हातावर पाणी घेतलं तेव्हा दिवसांचा आकडा तिनं उच्चारलाच नाही.

नथूनं घरात जेवणं बंद केलं. डबा घेऊन तो गिरणीच्या मागे, आंब्याखाली बसायचा आणि कुत्र्याशी बोलत जेवायचा. सातव्या दिवशी ती बारीक बाई परत आली. ललितानं तिला ओटीवर चटई टाकून दिली. “बस,” ती म्हणाली, “यंदा वेळ लागंल.”

शेवटच्या गुरुवारी उद्यापन. पाच सवाष्णी बोलावल्या होत्या, शकू सगळ्यांत आधी आली. कलशाला वेणी माळली, पाच फळं मांडली, कहाणी वाचली. ललितानं पोळ्या स्वतः लाटल्या, स्वतः वाढल्या, वर तूप सोडलं. 

“तुझं पान कुठंय?” शकूनं विचारलं.

“मांडलं नाय.”

“अगो, उद्यापन हाय. गोडाचा एक तुकडा तरी मोड. डॉक्टर काय पोटात बघतात?”

“बघतात, शकू. पोटातच बघतात.”

बाकीच्या हसल्या, शकू नाही हसली. तिनं आपल्या पानातली पोळी मोडली, घास हातात धरून ठेवला. “हिराबाई काय बोलायची, इसरलीस? फिरतो तो घरात.”

“फिरू दे गो,” ललिता म्हणाली. “सासू पण तीन वरसं घरातच व्हती. तिला सांभाळली, ह्याला पण सांभाळीन.”

शकूनं घास परत पानात ठेवला. डोळे पुसून म्हणाली, “वाढ आता. मी दोन जास्त खाते, तुझ्या वाट्याच्या.” आणि खरंच खाल्ल्या.

*

सकाळी अजून झुंजूमुंजू होतं. ललितानं देवाला नमस्कार केला, हिराबाईच्या फोटोसमोर क्षणभर उभी राहिली. पिशवीत दोन गाऊन, फायली, कंगवा. नथू रिक्षा बघायला निघाला होता.

“राहू दे. ष्ट्यांडपत्तूर चालते.”

“अर्धा किलोमीटर हाय.”

“ठाऊक हाय मला. वाटेत बसन एकदा.”

जाता जाता ती गिरणीपाशी थांबली. पिशवी खाली ठेवून काट्यावर चढली, दोन्ही पाय नीट टेकवले. आकडे लुकलुकले आणि थांबले. एकशे बारा. ती उतरली आणि पदरानं काट्याच्या पत्र्यावरचं पीठ पुसलं, कारण थोड्या वेळानं शकू दळणं टाकायला येणार होती. आठवडाभर गिरणी तिच्याच हाती असणार होती.

नथू पिशवी घेऊन पुढे झाला. ललिता पायरी उतरली, फाटकाशी आली आणि वळून पाहिलं. ओटी धुक्यात अर्धी बुडाली होती, चटईवर कुणीतरी होतं किंवा नव्हतं.

“चल,” ती हळूच म्हणाली.

फाटक तिनं लगेच ओढलं नाही. मागून येणाऱ्याला बाहेर पडायला लागतो तेवढा वेळ ते उघडं धरून ठेवलं. मग कडी घातली आणि गुडघ्यावर एक हात ठेवून, बेतानं पाऊल टाकत, ष्ट्यांडच्या वाटेला लागली.