बिनखुणेची बटणं

आमचे अब्बा, जलालुद्दीन कल्हईवाले, अहेरीच्या आठवडी बाजारात हाळी द्यायचे तेव्हा बसस्टँडवरचा माणूसही वळून बघायचा. त्यांचं तोंड बंद ठेवणं अम्मीला जन्मभर जमलं नाही. ते काम शेवटी लकव्यानं केलं. २००३च्या उन्हाळ्यात त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत राहिलं, आणि तेच मला बघवत नव्हतं.

मी नसीम, तिघांत मोठी. माझं सासर अहेरीतच, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ अब्बांकडेच असायची. धाकटा वाजिद त्यांच्याजवळ राहायचा, गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा आणि माणसांपेक्षा मशीनशी जास्त बोलायचा. मधला सैफ सिरोंच्याला जीप चालवायचा. तो कित्येक वर्षं घरी आला नव्हता. स्टीलच्या जमान्यात कल्हई कोण करतो म्हणून त्यानं अब्बांचा भाता परस्पर भंगारात विकला होता. अब्बा म्हणाले, "मले तोंड दाखवू नोको." हा म्हणाला, "तुम्ही सोता हाक माराल तवाच येईन." बाप तसा लेक, दोघंही हट्टी. लकव्याचं कळवायला मी फोन केला तर रडला, पण विचारलं काय? "अब्बानं बोलावलं का?" मी फोन आपटला. ज्याची जीभ हलत नाही, तो बोलावणार कसा?

वाजिदनं तोड काढली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठमोठी बटणं, प्रत्येकावर चित्र किंवा फोटो. डाव्या हातानं माउस दाबला की मशीन ते नाव बोलणार, माझ्या आवाजात. ग्लास, कप, उशी, पंखा, मग मी, मग वाजिद, सगळ्यात शेवटी सैफ.

"त्याले कायले टाकलं?" मी विचारलं.

"घरातलाच हाय न, आपा."

आधी तो एकेक बटण वेगळं लिहीत होता. मग मीच घाई केली, तेव्हा त्यानं सगळी बटणं एका झपाट्यात बनवणारं काहीतरी लिहिलं. शेवटचं बटण दाबून पाहिलं, 'सैफ' ऐकू आलं, तेवढ्यात लाइट गेली. त्याला वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी मशीन अब्बांच्या खाटेशी लावून वाजिद क्लासला गेला. मी चुलीपाशी होते आणि माझाच आवाज ऐकू आला, "सैफ." मी धावत गेले. अब्बा माझ्याकडे बघून परत दाबत होते. "सैफ. सैफ." त्यांच्या डोळ्यांत पाणी, माझ्याही. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले, पडद्याकडे पाहायचं मला सुचलंच नाही. तशीच पदर सावरत एसटीडी बूथवर पळाले.

"सैफ, अब्बा तुलेच बोलवून राह्यले. सकाळपासून तुयंच नाव."

सैफ त्याच दुपारी जीप घेऊन आला. उंबऱ्यातच चप्पल फेकली आणि अब्बांच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. अब्बांनी डावा हात त्याच्या केसांवर ठेवला. मग हात काढून माउस धरला.

"सैफ," मशीन म्हणालं.

"हाव अब्बा, इथीच हावो मी."

"सैफ."

"आता नाई जात कुठी."

अब्बांनी कपाळाला आठ्या घातल्या, माउस आपटला. "सैफ. सैफ. सैफ." तेव्हा कुठे मी पडद्याकडे पाहिलं. बाण ग्लासवर होता. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास दातांत धरून रिकामा केला, पुन्हा मागितला. सकाळपासून माणूस पाणी मागत होता आणि आम्ही त्याला लेक आणून दिला.

वाजिदला बोलावून घेतलं. त्यानं पडद्यात डोकं घातलं आणि थोड्या वेळानं खुशीत ओरडला, "सापडली! आपा, अब्बा घरोघरची भांडी आनत, तवा हरेकाच्या बुडाले खूण करत न? मी खूण न करताच सारी भांडी उचलली. हरेक बटणाले त्याचं त्याचं नाव सोबत द्याले पायजे होतं. मी नाई देलं. मशीनले सांगून ठेवलं, बटण दाबलं का मंग पाहा, आखरीचं नाव कोनतं हाय. आखरीचा भाई होता. म्हनून कोनतंबी दाबलं तरी भाईच."

या मुलाला अक्कल भरपूर, शहाणपण नावाला नाही. सैफ तिथेच बसला होता. मी वाजिदच्या पाठीत धपाटा घातला, पण शब्द निघून गेले होते. सैफनं अब्बांचा पाय चेपता चेपता एवढंच म्हटलं, "दुरुस्त कर. त्याइले पानी मांगता आलं पायजे."

वाजिदनं प्रत्येक बटणाला त्याचं नाव बांधून दिलं. ग्लास दाबला की पाणी, कप दाबला की चहा. अब्बा हसले, अर्ध्याच तोंडानं.

सैफ सिरोंच्याला गेला नाही. त्यानं अब्बांना न्हाऊ घातलं, भरवलं, कूस बदलून दिली. अब्बा दिवसभर बटणं दाबायचे. उशी, पंखा, नसीम, वाजिदसुद्धा. पण सैफच्या फोटोवर बाण कधी गेला नाही. पाणी मागितलं की सैफ ग्लास घेऊन उठायचा आणि जाता जाता एकदा पडद्याकडे बघायचा. मी त्याला सांगायची, "अरे, तू समोरच बसला राह्यते, त्याइनं तुले हाक कायले माराची?" तो मान हलवायचा. मलाही खरं काय ते माहीत नव्हतं. अब्बांना विचारायची हिंमत मी केली नाही, आणि पावसाळा सरता सरता ते गेले.

दफन करून सगळे परतले. लोक पांगल्यावर वाजिद मशीनच्या वायरी काढायला बसला. सैफनं त्याचा हात धरला.

"वाजिद, ते पयलीवाली गलती परत टाक न."

"कायले, भाई?"

"टाक न, बाबू."

वाजिदनं माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान डोलावली. त्यानं खाली मान घालून जे बांधलं होतं ते सोडलं आणि बाजूला झाला. सैफ अब्बांच्या रिकाम्या खाटेवर बसला, माउस डाव्या हातात घेतला आणि ग्लास दाबला.

"सैफ."

कप दाबला, उशी दाबली, पंखा दाबला.

"हाव अब्बा," तो दर वेळी म्हणत होता, "आलो."