कोल्ह्याला दोन वाटा

लोकसाहित्य विभागाच्या पत्रकात छापले होते : ‘रुद्रप्पा यांच्या घराण्यात अकरा पिढ्या अखंड चालत आलेली ही कोल्ह्याची कथा बाह्य संस्कारांपासून पूर्णतः अस्पर्शित असून, सत्तेला आव्हान देणाऱ्या आद्य बंडखोराचे दर्शन तीत घडते.’

अकरा पिढ्या कोणी मोजल्या, याबद्दल पत्रक मौन पाळून होते. रुद्रप्पाला पणजोबाचे नाव विचारले तरी तो डोके खाजवी. अस्पर्शित म्हणावे, तर त्याची उमेदीची वर्षे सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत ‘मौत का कुआँ’च्या दारात भोंग्यावर ओरडून गिऱ्हाइके ओढण्यात गेलेली. राहता राहिला बंडखोर. त्याची खरी हकीकत या कथेवर प्रबंध लिहिणाऱ्या शिवलीलाला कळली ती प्रबंध सादर केल्यानंतर, आणि तिची पदवी तर सगळी त्या कोल्ह्याच्याच पाठीवर उभी होती.

तोंडी परीक्षेच्या तयारीसाठी तिने मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. गोष्ट रंगात असताना ऐकणाऱ्यांपैकी एकाने वाक्यागणिक ‘हुं’ म्हणायचे, ही अक्कलकोटकडची रीत. हुंकार थांबला की गोष्टही थांबते. इथे हुंकार देत होते तिचे मार्गदर्शक, विभागप्रमुख डॉ. मल्लिनाथ. कोल्हा उसाच्या फडात शिरला : मेलेला हुं. रुद्रप्पा खाकरला, कोल्हा फडातून निघून राजवाड्याकडे वळला : दणदणीत हुं. कोल्ह्याने राजाला मुजरा केला : शांतता.

‘मुजरा कसला!’ रुद्रप्पाने घाईने सावरले. ‘थुकला त्येच्या म्होरं!’

यावरचा हुंकार शेजारच्या खोलीतही ऐकू गेला असावा. सत्तेला आव्हान देणारा आद्य बंडखोर विभागप्रमुखांच्या परवानगीवाचून एक पाऊल उचलत नव्हता.

‘सर, ही गोष्ट तुम्ही सांगितलीत,’ दुसऱ्या दिवशी विभागात त्यांना गाठून शिवलीला म्हणाली.

‘मी? मी तोंड तरी उघडलं का?’

‘नाही. त्याची गरजच पडली नाही.’

‘पदवी पदरात पडू दे, शिवलीला. सत्य शोधायला पुढं जन्म पडलाय.’

परीक्षेला रुद्रप्पाला शाल-श्रीफळासाठी बोलावले होते. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी ते ध्वनिमुद्रण ऐकले होते; त्यांनी त्याला गोष्टच सांगायला लावली आणि म्हणाल्या, ‘सर, तुम्ही गप्प बसा. हुंकार शिवलीला देईल.’

‘कोल्हा निगाला,’ रुद्रप्पाने सुरुवात केली. ‘दोन वाटा फुटल्या. एक फडाकडं, एक वाड्याकडं.’ आणि त्याने शिवलीलाकडे पाहिले.

वाड्याच्या वाटेवर एक खणखणीत हुं, की पदवी तिची. डॉ. मल्लिनाथांनी घसा साफ केला; बाईंनी पाहताच ते पाणी प्यायले. शिवलीलाने दोन्ही वाटांना सारखाच सपाट हुंकार दिला. कोल्हा फडाकडे गेला, परतला; वाड्याकडे गेला, परतला.

‘अक्का, जरा जोर लाव की!’ रुद्रप्पा काकुळतीला आला. ‘जनावर दमलं माजं.’

कोणी हसले नाही. बाईंनी विचारले, ‘आजोबा, ही गोष्ट तुम्हाला सांगितली कोणी?’

‘अकरा पिढ्या...’ डॉ. मल्लिनाथ उठले.

‘त्यांना बोलू द्या.’

प्रबंध नामंजूर झाला. सोबतच्या अहवालात, ‘संस्थेची फसवणूक करणारा इसम’ या शब्दांनंतर, रुद्रप्पाचा जबाब जसाच्या तसा उतरवला आहे :

‘व्हय, म्याच रचली. आमच्या घरात गोष्ट सांगाया कुनाला सवड हुती? सायबास्नी कोल्हा पायजे हुता, म्या काढून दिला. पर खरं सांगतो बाईसाब, फुडं काय व्हनार ते मलाबी म्हाईत नसायचं. म्हनून तर लई मजा यायची.’