उजव्या बुटाची चढण

मी एक जुना बूट आहे. उजवा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण डाव्याशी माझी गल्लत केलेली मला खपत नाही. आम्ही एकाच दिवशी एकाच टेबलावर जन्मलो, एवढंच आमचं नातं. तो भोळा आहे. त्याला छत्री आवडते, पायपुसणं आवडतं, सपातासुद्धा आवडतात. मला, मित्रांनो, फारसं कोणी आवडत नाही, आणि त्याची कारणं माझ्याजवळ आहेत.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. तिथे खिडक्या उंच होत्या आणि पंखे फक्त आवाज करायचे. मला शिवणारी बाई मुकादमाशी भांडता भांडता टाके घालायची, आणि भांडण जितकं जोरात तितके टाके सरळ यायचे. माझा स्वभाव तिच्याकडूनच आला असावा. वर जाड चामडं, खाली खाचा पाडलेलं रबर आणि दोघांच्या मधे पावासारखा मऊ थर, अशी माझी घडण. त्या मऊ थराकडे मी कधी लक्ष दिलं नाही. चामडं म्हणजे मी, बाकीचे सगळे नोकरचाकर, अशीच माझी समजूत होती.

मला विकत घेतलं ते आत्यानं. घरातले सगळे तिला आत्या म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ती एका राष्ट्रीय उद्यानात मोजणीदार होती. त्या उद्यानाच्या मधोमध एक ज्वालामुखी होता, आणि तो काही झोपलेला नव्हता. दिवसभर धूर सोडायचा, मनात आलं की राख उडवायचा. दर पावसाळ्यानंतर पायवाटा मोजायच्या, कुठली खचली ते बघायचं आणि सुरक्षित वाटेवरच्या दगडांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करायच्या, हे तिचं काम. लोक त्या खुणा बघत वर जायचे आणि जिवंत खाली यायचे. खुणा कोणी केल्या, हे विचारायची तसदी मात्र कोणी घ्यायचं नाही.

अकरा वर्षं मी तिच्या पायात होतो. गरम राख तुडवली, गंधकाचा वास प्यायलो, गुडघाभर चिखलातून बाहेर आलो. तिथे येणाऱ्या पाहुण्यांची पादत्राणं मी रोज बघायचो. टाचा उंच केलेल्या चपला, चमचमते पट्टे, कागदासारखे तळ! अर्ध्या वाटेवर ती तुटायची आणि त्यांचे मालक ज्वालामुखीवर चिडायचे. एकदा उद्यानाचे मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "माणसांपेक्षा या बुटांचाच भरवसा जास्त!" डावा लाजला. मी लाजलो नाही. खरं बोलल्यावर लाजायचं कशाला?

आत्याच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी डोंगरानं जरा जास्तच राख उडवली आणि मुखाच्या काठापर्यंत जाणारी वरची वाट बंद झाली. निरोपाच्या दिवशी तिला वर जाता आलं नाही. खालीच हार घातला, भाषणं झाली, चहा झाला. तिनं मला काढलं, खोक्यात ठेवलं आणि खोकं भाच्याच्या घरातल्या माळ्यावर गेलं. तिथे मी चौदा वर्षं राहिलो.

तुम्ही म्हणाल, बिचारा दुर्लक्षित! छे. दर महिन्याला आत्या स्टुलावर चढून मला खाली काढायची, तेल लावायची, मऊ फडक्यानं पुसायची आणि परत ठेवायची. पाहुणे आले की मला दाखवायची. "बघा, अजून कसे आहेत!" सगळे वाहवा करायचे. एकदाही कोणी मला घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेलं नाही. मी ठेवणीतला झालो होतो, आणि खरं सांगतो, मला ते आवडत होतं. चपलांच्या मांडणीत दाटीवाटीनं राहणाऱ्यांकडे मी माळ्यावरून बघायचो आणि मनातल्या मनात नाक मुरडायचो.

मग एक दिवस बातमी आली, काठापर्यंतची वाट पुन्हा उघडली. आत्यानं ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "मला एकदा जायचंय." एवढंच. भाचा लगेच म्हणाला, "जाऊ या! मी नियोजन करतो."

आता या भाच्याविषयी बोलायलाच हवं. मी त्याला कोष्टकराव म्हणतो. या गृहस्थाला कोष्टक आखल्याशिवाय शिंकसुद्धा येत नाही. जेवणाच्या टेबलावर त्यानं लॅपटॉप मांडला आणि तीन आठवडे घराचं कार्यालय करून टाकलं. आम्हा दोघांना आत्यानं माळ्यावरून काढून टेबलाखाली ठेवलं होतं, त्यामुळे सगळं ऐकणं आलं.

"सात पस्तीस, नाश्ता. सात पंचावन्न, शौचालय. आठ पंधरा, प्रस्थान," तो वाचायचा.

"शौचालयाला वीस मिनिटं?" त्याची बायको विचारायची.

"चौघांची मिळून."

"आपण तिघं आहोत रे."

"एक राखीव."

मलमांचे सहा प्रकार, पावसाचे तीन कोट, शिट्ट्या दोन. एक दिवस त्यानं थेट उद्यानाच्या कार्यालयात फोन लावला. "तुमच्या पत्रकात ज्वालामुखी जागृत आहे असं लिहिलंय. तो साधारण किती वाजेपर्यंत जागृत असतो? आम्ही दुपारी बाराला पोचतोय." त्यानं तोच प्रश्न तीनदा विचारला. मग यानं फोनवर हात ठेवून बायकोला सांगितलं, "त्यांनाच माहीत नाही." मित्रांनो, मी साधा बूट आहे, पण मला त्याची लाज वाटली.

"बाराला जाऊन काय बघणार तू?" आत्या म्हणाली. "दहाला ढग बसतो. मग समोरचा माणूस दिसत नाही. उजाडता उजाडता चढायला लागायचं."

"आत्या, ॲपमध्ये सूर्य दाखवतोय."

"तो गावातला सूर्य आहे रे. डोंगरावर त्याचं काही चालत नाही."

त्यानं मान हलवली आणि कोष्टकात काहीही बदललं नाही. बावीस वर्षं डोंगर मोजलेल्या बाईपेक्षा त्याला हातातल्या पडद्यावरचं पिवळं टिकलीएवढं चित्र जास्त खरं वाटत होतं.

पण खरा घाव पुढेच होता. एका संध्याकाळी आत्यानं चष्मा लावून कोष्टक स्वतः वाचलं. काठावर जाण्याच्या रकान्यात दोनच नावं होती. तिच्या नावापुढे लिहिलं होतं : 'माहिती केंद्र. बसणे. तीन तास वीस मिनिटे. (पंखा आहे.)'

"हे काय?"

"अगं, तिथे ज्वालामुखीवर छान फिल्म दाखवतात," कोष्टकराव म्हणाला.

"त्या केंद्राची जागा मीच मोजून दिली होती. त्यात बसायला मी इतक्या लांब येऊ?"

"आत्या, बाहत्तर वर्षांची आहेस तू. तुझे गुडघे बघ. आम्ही जपतोय गं तुला."

"गुडघ्यांना मी विचारलंय. ते हो म्हणालेत."

भाचेसून हसली. तो हसला नाही. शेवटी तिनंच तोडगा काढला. गावामागच्या टेकडीला चारशे पायऱ्या आहेत. रविवारी सगळ्यांनी चढून बघायचं. आत्या चढल्या तर काठावर, नाही चढल्या तर केंद्रात. कोष्टकरावनं लगेच नवा रकाना पाडला : 'चाचणी. चाळीस मिनिटे.' आत्यानं मान डोलावली.

रविवारी सकाळी तिनं मला पायात घातलं. चौदा वर्षांनी! माझा तोरा काय सांगू. शेजारी कोष्टकरावचे नवेकोरे बूट होते, आदल्या दिवसापर्यंत खोक्यात, आतला कागदही तसाच. ते म्हणे श्वास घेणारे बूट होते. घेऊ देत बापडे श्वास, मी गंधकाचा धूर घेऊन वाढलोय. त्यांच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

पहिल्या शंभर पायऱ्या आत्या सहज चढली. तिचा पाय तोच होता, आधी टाच, मग तळवा, घाई नाही. तिचे गुडघे जरासे कुरकुरले आणि कामाला लागले. दीडशेव्या पायरीवर डावा कुजबुजला, "दादा, तुझ्यातून काहीतरी सांडतंय."

"तोंड सांभाळून बोल," मी म्हणालो.

पण सांडत होतं. पायरीवर पिवळट भुगा पडत होता. माझ्या पोटातला तो मऊ थर, ज्याला मी नोकर समजत होतो, तो आतल्या आत कधीच संपला होता. दोनशे साठाव्या पायरीवर माझा अख्खा तळ सुटला. आत्याचा तोल गेला. तिनं कठडा धरला म्हणून वाचली.

"बघितलंस!" मागून धापा टाकत कोष्टकराव ओरडला. "म्हणूनच मी सांगत होतो. खाली बस, बस तिथेच. संपली चाचणी."

मित्रांनो, आयुष्यात मी पुष्कळांना तुच्छ लेखलं, पण त्या क्षणी जितकं स्वतःला लेखलं तितकं कुणालाच नाही. तिचे गुडघे भक्कम होते. श्वास शांत होता. नापास मी झालो होतो आणि शिक्का तिच्यावर बसत होता. वरून चकाकणारा मी, महिन्याच्या महिन्याला तेल पिणारा मी, तिला त्या पंख्याखालच्या खुर्चीत नेऊन बसवणार होतो.

आत्या पायरीवर बसली. तिनं आधी मला काढलं, मग डाव्याला. आम्हाला बाजूला नीट जोडीनं ठेवलं. मग उठली आणि नुसत्या मोज्यांवर चढायला लागली.

"आत्या! अगं काय करतेस?"

तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. भाचेसून तिच्या मागोमाग गेली. कोष्टकराव लंगडत निघाला, कारण श्वास घेणाऱ्या बुटांनी त्याच्या दोन्ही टाचा सोलून काढल्या होत्या. वरून आत्याचा आवाज मला पायरीवर स्पष्ट ऐकू आला. "बूट गेले रे! गुडघे जागेवर आहेत!" छत्तीस मिनिटं झाली होती. तो पोचला तेव्हा शेहेचाळीस. उतरताना त्यानंच मला उचललं, भुगा झटकला आणि खाली घेऊन आला. घरी येऊन त्यानं 'बसणे' हा शब्द खोडला आणि प्रस्थानाची वेळ पहाटेची केली.

दुसऱ्या दिवशी आत्यानं आमची जोडी मोच्याच्या टेबलावर ठेवली. तो जुना ओळखीचा माणूस. त्यानं मला उलटंपालटं केलं, बोटानं दाबलं आणि मान हलवली.

"काय केलंत बाई याचं?"

"काही नाही हो. जपून ठेवले होते. दर महिन्याला तेल लावायचे."

"तिथेच घोटाळा झाला. हा मधला थर चालता राहिला की टिकतो. ठेवला की दमट हवा खातो आणि भुगा होतो. नवा तळ बसवला असता, पण खालची कड पण कुजलीय. शिलाई धरणार नाही." मग त्यानं घोट्याजवळचं माझं चामडं चिमटीत धरलं. "हे मात्र लोण्यासारखं झालंय. असं चामडं आता मिळत नाही."

शेजारच्या स्टुलावर कोष्टकराव बसला होता, दोन्ही टाचांना पट्ट्या लावून. त्याचे नवे बूट मांडीवर होते. "यांच्या आत टाचेला काही मऊ बसवता येईल का?" त्यानं ओशाळून विचारलं.

मोच्यानं आत्याकडे पाहिलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तिनं एकदा माझ्यावरून अंगठा फिरवला, आणि म्हणाली, "कापा."

माझ्यावर कात्री चालली, मित्रांनो! आणि कुणासाठी? त्याच्यासाठी! मोच्यानं माझा एक तुकडा कापला, डाव्याचा एक कापला आणि त्या नव्या बुटांच्या आत टाचेपाशी शिवला. उरलेलं टोपलीत गेलं. जिथे कामाचं चामडं तिथे मी, त्यामुळे मी त्यातल्या उजव्या बुटात राहायला आलो. आत अंधार, घाम आणि कोष्टकरावची टाच. आत्यानंही साधेसे नवे बूट घेतले आणि बारा दिवस ते घालून भाजी आणली, जिने चढून पाहिले, गच्चीवर कपडे वाळत घातले. डोकं असलेलं माणूस असं वागतं.

ठरल्या दिवशी, उजाडता उजाडता, आम्ही चढायला लागलो. मला दिसत काहीच नव्हतं. पण खालची राख मी आवाजावरून ओळखली. गंधकाचा वास आत शिरला आणि कोष्टकरावच्या टाचेखाली दबलेला डावा पलीकडच्या बुटातून ओरडला, "दादा, आलो!" मी त्याला गप्प बस म्हणालो नाही. टाच घासली जाऊ नये म्हणून मी जोर लावून चिकटून बसलो होतो, त्यामुळे बोलायला सवड नव्हती.

मग पाय थांबले. वारा जोरात होता. आत्याचा आवाज आला.

"माझी एकही खूण उरलेली नाही. सगळ्या नव्या केल्यात." मग म्हणाली, "चांगल्या केल्यात पण. हात सरळ आहे पोराचा, नाहीतर पोरीचा."

कोष्टकराव तिच्याजवळ सरकला. कोष्टकात नसलेलं काही तो करू शकतो, हे मला माहीत नव्हतं. मग हळूच म्हणाला, "आत्या, तू इथे रोज यायचीस?"

"रोज कुठे? रविवारी सुट्टी असायची."

त्याची टाच माझ्यावर जरा हलली. मला वाटतं, तो खाली वाकून तिच्या बुटांची सुटलेली नाडी बांधत होता.

तर मित्रांनो, तुमच्या घरातलं जे जुनं आहे ते पुसून उंचावर ठेवू नका. वापरा, चालवा, मळू द्या. आणि जी माणसं आहेत त्यांना खुर्चीत बसवायच्या आधी एकदा त्यांच्या गुडघ्यांना विचारा. हे जमत नसेल तर निदान नवे बूट घरात चार दिवस घालून फिरा, म्हणजे तुमच्या टाचांसाठी कुणाला तरी कापावं लागणार नाही.