बघण्यासारखा खेळ

द्वारकाबाईंनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज पार बंद करून टाकला.

"अगं, कबड्डीची फायनल आहे!" बद्रीनाथ कळवळून म्हणाले.

"असू द्या. समोर साहेबराव जाऊन अजून आठवडा झाला नाय. त्यांच्या घरात दिवा जळायलाय आन आपण इथं आरडाओरडा ऐकत बसायचं का?"

गल्लीत कुणी गेलं की दहावा होईपर्यंत कुणाच्याही घरातून टीव्हीचा आवाज बाहेर येऊ द्यायचा नाही, हा गारखेड्यातल्या त्या गल्लीचा जुना रिवाज होता. बघायला कुणाची ना नव्हती, पण मुकाट बघायचं. पुंडलिकराव मात्र खूश झाले. त्यांनी आपली खुर्ची पुढे ओढली.

"बरंच झालं की वहिनी. आता कळंल कुठला खेळ खरा ते. ज्याला कॉमेंट्रीचा टेकू लागतो तो कसला खेळ? फुटबॉल लाव बद्री. आवाज असो नसो, मजा तेवढीच."

"फुटबॉल!" बद्रीनाथांनी नाक मुरडलं. "मैदानभर मुंग्या सांडल्यासारखी माणसं. दीड तास पळायचं आन शेवटी एक गोल. तेवढ्यात माझी व्हॅन पैठणला जाऊन यील."

"मुंग्या म्हणं! आमखासच्या मैदानावर आम्ही खेळायचो तवा तूच कुंपणावर बसून शिट्ट्या मारायचास."

"तवा अक्कल नव्हती."

हे भांडण जुनं होतं. दोघं वाळूजच्या एकाच कंपनीत होते, बद्रीनाथ कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आणि पुंडलिकराव फिटर. निवृत्तीनंतर बद्रीनाथांनी शाळेच्या पोरांसाठी व्हॅन घेतली आणि पुंडलिकरावांनी गुडघेदुखी. जेवण उरकलं की पुंडलिकराव रोज समोरच्या बोळातून यायचे आणि टीव्हीवर कुठला खेळ बघायला मजा येते यावर दोघं तावातावानं वाद घालायचे. दुसऱ्यानं हार मानावी असं दोघांनाही वाटत नसावं, कारण मग उद्या बोलायचं काय?

गेल्या वर्षभरात मात्र बद्रीनाथांचं मत भलतंच फिरत चाललं होतं. एके काळी हा माणूस हॉकीवर जीव टाकायचा, गोल झाला की पलंगावर उभा राहायचा. एक दिवस त्यांनी चालू मॅच बंद केली. चेंडू कुठं गेला तेच कळत नाय, म्हणाले, यात बघायचं काय? मग फुटबॉल मनातून उतरला. मग सगळ्यांना तोंडात बोट घालायला लावून क्रिकेटही गेलं. दिवसभर माणसं नुसती उभी असतात, मधे कुणी बोलतो म्हणून बरं. उरली एक कबड्डी. मैदान लहान, माणसं धिप्पाड, कोण कुणाला धरतो ते उघड उघड. टीव्हीवर बघावी तर कबड्डीच, बाकी सगळा टाइमपास. त्यांची खुर्चीही हळूहळू टीव्हीजवळ सरकत गेली होती. वय झालं की माणूस हेकट होतो, असं म्हणून द्वारकाबाईंनी ते सोडून दिलं होतं. या घरातला हेकटपणा त्यांना काही नवा नव्हता.

आताही त्या खाली बसून लसूण सोलत होत्या. पडद्यावर केशरी आणि निळे कपडे घातलेले गडी आवाज न करता एकमेकांवर तुटून पडत होते. पुंडलिकरावांच्या मोबाईलवर कसलासा व्हिडिओ आला आणि ते मान खाली घालून तो बघू लागले.

"हां... हां, आता धरा त्याला," बद्रीनाथ पुढे झुकून पुटपुटले. "पाय धरा, पाय! अरे, गेला!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघितलंस का पुंडलिक? याला म्हणायचं चढाई!"

द्वारकाबाईंनी सहज वर पाहिलं. पडद्यावर कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात चालली होती. गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालत होती, एक केशरी, एक निळी, आणि वाऱ्यानं त्या फडफडत होत्या.

त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा करताना बद्रीनाथांचा डावा गाल हलायचा, तो हलत नव्हता. मॅच रंगात आल्यावर होते तशी त्यांची मुद्रा खुलली होती.

"काय झालं, काय झालं?" पुंडलिकराव मान वर करू लागले.

द्वारकाबाई ताट तसंच टाकून उठल्या आणि टीव्हीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, चहा टाकू का?"

"आता? नको वहिनी, मग झोप यायची नाय. जरा बाजूला सरका की, चढाई गेली माझी."

त्या बाजूला झाल्या तोवर मॅच परत सुरू झाली होती. आपण नेमकं काय झाकलं हे त्यांना अजून नीट कळलं नव्हतं.

मॅच संपल्यावर पुंडलिकराव चपला घालता घालता म्हणाले, "बद्री, उद्या सम्यकला जरा खिडकीशी बसव रे. मधी चेंगरतो म्हणून कुरकुर करतो." सम्यक त्यांचा नातू, दुसरीतला.

"बसवतो की," बद्रीनाथ म्हणाले.

दाराला कडी घालून द्वारकाबाई तिथंच थांबल्या.

"ती जाहिरात होती," त्या म्हणाल्या.

"कोणती?"

"तुम्ही मांडीवर थाप मारली तवाची. कबड्डी नव्हती ती. बाई चादरी वाळू घालत होती."

बद्रीनाथांनी रिमोट घ्यायला हात पुढे केला. तो स्टुलावर चाचपडला आणि रिमोटच्या शेजारून निघून गेला.

"रंग सारखेच होते," ते म्हणाले.

एवढ्या एका वाक्यानं द्वारकाबाईंना वर्षभराचा उलगडा झाला. हॉकीचा चेंडू सगळ्यात बारका, म्हणून हॉकी आधी गेली होती. आवाज चालू असला की हा माणूस कॉमेंट्रीच्या आधारानं मॅच बघायचा, आणि आज तो आधार त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केला होता. त्यांना रडू आलं, आणि त्याच्या मागोमाग सकाळ आठवून अंगावर काटा आला. सकाळी हाच माणूस व्हॅन भरून पोरं शाळेत नेत होता.

"डॉक्टरला दाखवलं का?"

"दिवाळीच्या आधीच. साखरेनं पडदे गेलेत म्हणला. डोळ्यात सुया घ्या म्हणला. घेतल्या नायत मी."

"आन गाडी?"

"रस्ता पाठ आहे मला. बस दिसती, ट्रक दिसतो. रिक्षा तर आवाजावरनंच कळती."

"आन एखादं लेकरू मधी आलं तर?"

"आजवर आलं का?"

"उद्यापासून गाडी बंद करा. विश्वजीत कवाचा पुण्याला बोलवायलाय. जाऊ लेकाकडं."

"जाऊन काय करू? टीव्ही बघू?" बद्रीनाथ हसले. ते हसणं ऐकवत नव्हतं. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. "विशी नव्हती उलटली तवापासून स्टेअरिंग धरलंय. त्याच्याशिवाय मला दुसरं काय येतं, तूच सांग. वार्षिक परीक्षा होऊ दे. मग मीच विकतो. तोवर कुणाला सांगू नकोस. पुंडलिकला तर नकोच नको."

त्यांनी हात जोडले. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं बायकोपुढे कधी हात जोडले नव्हते. नाही म्हणायचं ते तेव्हाच म्हणायला हवं होतं. द्वारकाबाईंना ते कळत होतं, पण जीव तुटला आणि नाही म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या व्हॅनमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. पोरांसोबत बाईमाणूस असावं असं शाळेनं सांगितलंय, असं त्यांनी दारोदारी आयांना सांगितलं. आयांना ते पटलंच, वर आवडलंही. पुंडलिकरावांनी सम्यकला नेहमीप्रमाणे स्वतः उचलून आत ठेवलं.

"तुम्ही आलात वहिनी, आता मला काळजीच नाय," ते म्हणाले.

द्वारकाबाईंनी नुसती मान हलवली. पुंडलिकरावांकडे बघायची काही त्यांची हिंमत झाली नाही.

गल्ली संपली तशी त्यांनी हळू आवाजात सुरुवात केली. डावीकडं दूधवाला. पुढं मोकळं. आता मोठा खड्डा, जरा उजवीकडं घ्या. सिग्नल लाल आहे, थांबा. मागची पोरं आधी कान टवकारून ऐकत राहिली, मग खिदळायला लागली. "आजी कॉमेंट्री करती!" सम्यक ओरडला, आणि सगळ्यांनी तिथल्या तिथं टाळ्या पिटल्या. बद्रीनाथही हसले. क्रांती चौकातली गर्दी त्यांनी इतक्या सफाईनं काढली, की द्वारकाबाईंना घटकाभर वाटलं, जमेल. परीक्षेपर्यंत निभेल.

पुढचे दिवस तसेच गेले. संध्याकाळी पुंडलिकराव यायचे, फुटबॉलची बाजू घ्यायचे. बद्रीनाथ कबड्डीची घ्यायचे, आणि द्वारकाबाई लसूण सोलता सोलता, "अगंबाई, धरला वाटतं त्याला," असं काहीबाही मोठ्यानं बोलायच्या. वहिनींनाही खेळाची गोडी लागली म्हणून पुंडलिकराव त्यांची चेष्टा करायचे. त्या हसायच्या. रात्री अन्न गोड लागत नव्हतं. सकाळी व्हॅन सुरू झाली की शाळेचं फाटक दिसेपर्यंत त्यांची नजर रस्त्यावरून हटायची नाही.

त्या दिवशी मागच्या सीटवर दोन पोरांची पाण्याच्या बाटलीवरून झोंबाझोंबी लागली. बाटली उघडली, सम्यकचा सदरा भिजला आणि त्यानं भोकाड पसरलं. द्वारकाबाई मागे वळल्या. "दे रे ती बाटली इकडं," एवढंच म्हणाल्या असतील नसतील. त्या पुन्हा समोर वळल्या तेव्हा रस्त्याकडेला उभ्या असलेल्या दोन रिक्षांच्या फटीतून एक छोटी मुलगी रस्त्यावर आली होती. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, आणि नजर हातातल्या बिस्किटाच्या पुड्यावर.

द्वारकाबाईंनी तोंड उघडलं. थांबा, एवढाच शब्द बोलायचा होता. तो आला नाही.

चाक कशावरून तरी गेलं. व्हॅन किंचित उचलली गेली आणि पुन्हा खाली टेकली. बद्रीनाथांचे हात शांत होते, वेग होता तेवढाच होता.

"काय होतं गं?" त्यांनी विचारलं. "खड्डा का?"

द्वारकाबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं. एक बाई त्या मुलीला दंडाला धरून मागे ओढत होती. मुलगी उभी होती. तिच्या एका पायात चप्पल होती आणि एक पाय अनवाणी होता. दुसरी चप्पल चपटी होऊन रस्त्याच्या मधोमध पडली होती.

"गाडी बाजूला घ्या."

"शाळंला उशीर हुईल."

"घ्या म्हणते ना!"

बद्रीनाथांनी व्हॅन कडेला घेतली. द्वारकाबाईंनी हात लांबवून चावी फिरवली, काढली आणि मुठीत धरली. त्यांनी कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला.

"कुणाला लावतीस? विश्वजीतला?"

"पुंडलिक भाऊजींना."

"त्याला नको," बद्रीनाथ म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला. "दुसऱ्या कुणालाबी लाव, द्वारका. त्याला नको."

पलीकडे फोन उचलला गेला होता.

"काय वहिनी, गाडी बंद पडली का?"

"नाय भाऊजी. तुम्ही या इकडं, सम्यकला घेऊन जा. बाकी पोरांच्या घरीबी कळवा." मुठीतली चावी त्यांनी पिशवीत टाकली. "ह्यांना दिसत नाय. आत्ता एक लेकरू वाचलं."

पलीकडे पुंडलिकरावांच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. शेजारी बद्रीनाथ समोरच्या काचेकडे तोंड करून बसले होते, दोन्ही हात अजून स्टेअरिंगवर होते.

"वहिनी," पुंडलिकरावांनी हळू विचारलं, "तुम्हाला कवा कळलं?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. आत्ताच कळलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"फायनलच्या दिवशी," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुम्ही मोबाईल बघत होता तवा."

यावर आलेला आवाज पुंडलिकरावांचाच होता, पण एखाद्या परक्या माणसाशी बोलावं तसा.

"पोरांना रस्त्याच्या अंगानं उतरू देऊ नका. सम्यकला डाव्या दारानं उतरवा. मी येतो."

त्यांनी वहिनी म्हटलं नाही. द्वारकाबाईंनी फोन पिशवीत ठेवला, खाली उतरून डावं दार सरकवलं आणि सगळ्यात आधी सम्यकचा हात धरला. सदरा अजून ओलाच होता. तो दप्तर सावरत खाली उतरला आणि शाळा आली का म्हणून इकडेतिकडे बघू लागला.